ओएलटीवर ग्राहक चढवणं प्रोग्रामने करायचंय, सुरुवात कुठून करू?

हरिपूररस्ता | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका छोट्या इंटरनेट कंपनीचं नेटवर्क बघतो. सांगली, मिरज, कुपवाड मिळून ३,८०० च्या आसपास कनेक्शन आहेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिळून सहा जीपॉन ओएलटी (फायबरचं आमच्या टोकाचं यंत्र, जिथून ग्राहकांच्या लाइन फुटतात), एक जुनी ईपॉन (त्याच कामाचं दुसरं मानक), पीपीपीओईसाठी, म्हणजे ग्राहकाच्या युजरनेम-पासवर्डच्या लॉगिनसाठी, मायक्रोटिकचा राउटर, त्याच्यामागे ते लॉगिन तपासणारा फ्रीरेडियस सर्व्हर, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेलं.

नवीन कनेक्शन आलं की काय होतं ते सांगतो. लाइनमन ग्राहकाच्या घरी ओएनटी (फायबरचं घरातलं यंत्र) लावतो आणि मागच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो. मी ओएलटीत लॉगिन करतो, नव्याने सापडलेल्या ओएनटींच्या यादीत तो नंबर शोधतो, त्याला आयडी देतो, लाइन प्रोफाइल आणि सर्व्हिस प्रोफाइल लावतो, व्हीएलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या वाटेचा) सर्व्हिस पोर्ट बनवतो. मग बिलिंगमध्ये युजरनेम-पासवर्ड. मग लाइनमनला फोन, आणि तो ग्राहकाच्या ओएनटीत ते टाइप करणार. एका कनेक्शनला दहा-बारा मिनिटं जातात. प्लॅन बदलला, घर बदललं, ओएनटी जळला, की हेच परत.

रोजचं एक वेळ चालून जातं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हाची गोष्ट मी विसरलेलो नाही. गावभागातली ओएलटी आम्ही पाण्यातून उचलून विश्रामबागेत नेली. पाणी उतरल्यावर केबल पुन्हा जोडताना फायबर जसे हाताला आले तसे बसले, निम्मे ओएलटीच्या वेगळ्याच पॉन पोर्टवर (फायबर जिथे घुसतो ते तोंड). सहाशेच्या आसपास ओएनटी जुन्या पोर्टवरून पुसून नव्या पोर्टवर चढवायचे होते. मी आणि आणखी एक जण तीन दिवस आणि तीन रात्री तेच करत होतो. लोकांच्या घरात गुडघाभर चिखल, बाहेरगावच्या पोरांना आपण सुखरूप आहोत एवढं दाखवायला त्यांना नेट हवं होतं, आणि आम्ही एकेक सीरियल नंबर टाइप करत बसलो होतो. ही वेळ परत आली तर मला तीन तासांत उठायचंय.

एका कंपनीच्या ओएलटीला एपीआय, म्हणजे प्रोग्रामने बोलायची सोय, आहे असं विक्रेता म्हणतो. दुसरीला फक्त टेलनेट आणि एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करून कमांड टाइप करायच्या. पायथन मला कामापुरतं येतं. सुरुवात कुठून करू?

---

वेण्णाकाठ | सोमवार, रात्री ११:५८

साताऱ्याहून लिहितोय. या धंद्यात बरीच वर्षं झाली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं लक्ष पहिलं एपीआयकडे गेलं. मी म्हणेन तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: तुमच्याकडे ग्राहकाची खरी वही कोणती? आज तुमच्याकडे निदान चार वह्या आहेत. बिलिंगमध्ये एक, रेडियसच्या टेबलात एक, ओएलटीच्या कॉन्फिगमध्ये एक आणि ग्राहकाच्या ओएनटीच्या पोटात एक. पाचवी तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये. या सगळ्या एकमेकींशी जुळतात का, हे आज रात्री तुम्हाला कुणी विचारलं तर छातीठोकपणे सांगता येईल?

तुमच्या सांगलीत हळदीच्या पेठेत दिवाणजी कसं करत आलेत बघा. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, पण संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय गल्ल्याला कुलूप लागत नाही. आपल्या नेटवर्कमध्ये नोंदी सगळ्या आहेत, ताळा कुणी घेत नाही. २०१९ ला तुमचे तीन दिवस टायपिंगमध्ये गेले असं तुम्हाला वाटतंय, पण माझा अंदाज आहे की निम्मा वेळ "हा ओएनटी नक्की कुणाचा" हे शोधण्यात गेला असेल.

म्हणून एक डेटाबेस ठरवा आणि त्यात ग्राहक जसा असायला हवा तसा लिहा: कोणता सीरियल नंबर, कोणती ओएलटी, कोणता पोर्ट, कोणता व्हीएलॅन, कोणता प्लॅन, चालू की बंद. प्रोग्रामचं काम एवढंच, की उपकरण त्या नोंदीसारखं करून ठेवायचं. पोर्ट बदलला तर वहीत पोर्ट बदला, बाकीचं प्रोग्राम करेल. "हा ओएनटी चढव" असा हुकूम सोडण्यापेक्षा "हा ओएनटी असा दिसला पाहिजे" असं लिहून ठेवणं फार वेगळं आहे, आणि पुरानंतर तेच उपयोगी पडतं.

आता दरवाजे कोणते, तर तीन. ओएलटीचा दरवाजा फायबरपुरता: ओएनटी ओळखणं, टीकॉन्ट आणि जेम पोर्ट (फायबरवरच्या वाटण्या), व्हीएलॅन. ओएलटी आतून ओएनटीशी ओएमसीआय या भाषेत बोलते, आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेचं जी.९८८ मानक, त्यात आपण हात घालत नाही. रेडियसचा दरवाजा माणसाचा: कोण आहे, पैसे भरलेत का, वेग किती. आणि तिसरा ओएनटीच्या आतल्या राउटरचा: वायफायचं नाव, पीपीपीओईचा पासवर्ड. तो टीआर-०६९ या मानकाने उघडतो. तुमचा लाइनमन हाताने जे टाइप करतो ते सगळं या तिसऱ्या दरवाजामागचं आहे.

ओएलटीबद्दल उद्या लिहितो.

---

कुपवाडकर | मंगळवार, सकाळी ८:१५

मी बिलिंगच्या बाजूचा. वेण्णाकाठ दादांचं वहीबद्दलचं म्हणणं पूर्ण पटलं. दोन गोष्टी अनुभवातून सांगतो, कारण दोन्ही आम्ही चुकलो होतो.

पहिली सीरियल नंबरची. जीपॉन ओएनटीचा नंबर आठ बाइटचा असतो. पहिले चार बाइट म्हणजे कंपनीची चार अक्षरं, पुढच्या चार बाइटमधला आकडा हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ). स्टिकरवर बहुतेक वेळा बारा खुणा छापलेल्या असतात: चार अक्षरं आणि आठ हेक्स. पण काही ओएलटी पहिली चार अक्षरंही हेक्समध्येच दाखवतात आणि नंबर सोळा खुणांचा होतो. ह्युआवेचा कोड एचडब्ल्यूटीसी, तो तिथे ४८५७५४४३ असा दिसतो. एकच ओएनटी, एका यादीत बारा, दुसऱ्या यादीत सोळा, आणि प्रोग्राम म्हणतो सापडला नाही. वहीत एकच रूप ठेवा आणि आत येताना प्रत्येक नंबर त्या रूपात आणा. शेवटच्या आठ खुणांत इंग्रजी ओ कधीच येऊ शकत नाही, हेक्समध्ये ते अक्षरच नाही. लाइनमनने ओ लिहिला असेल तर तो शून्यच. आठ आणि बी यांचा घोळ मात्र प्रोग्रामला सोडवता येत नाही. त्यासाठी त्या पोर्टवर नुकत्याच सापडलेल्या ओएनटींच्या यादीशी ताडून बघायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही ओएलटीला सांगितलं "चढव", उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं. काम झालं की नाही? तुम्हाला माहीत नाही. आमचा पहिला प्रोग्राम अशा वेळी परत पाठवायचा, आणि ओएलटीवर एकाच ग्राहकाचे दोन सर्व्हिस पोर्ट तयार व्हायचे. तेव्हापासून नियम केला: लिहिण्याआधी वाचायचं, लिहिल्यावर परत वाचायचं. आधीपासून असेल आणि आपल्याला हवं तसंच असेल तर ते यश समजायचं. असेल पण वेगळं असेल तर थांबून माणसाला विचारायचं. एखादी गोष्ट दहादा सांगितली तरी ती एकदाच घडली पाहिजे, असा प्रत्येक कॉल लिहा. एचटीटीपीचा एपीआय असेल तर पुट आणि पोस्ट यांतला फरक इथेच कामाला येतो. पुट दहादा केलं तरी शेवटची अवस्था तीच राहते, पोस्ट दहादा केलं तर दहा वस्तू बनू शकतात.

---

माणदेशी | मंगळवार, सकाळी ९:४०

मी माण तालुक्यातला केबलवाला. चारशे कनेक्शन, म्हसवड आणि आजूबाजूच्या वस्त्या. माझ्याकडे स्वस्तातली ईपॉन ओएलटी आहे, तिला एक वेबपेज आहे आणि काही नाही. तुम्ही म्हणताय ते सगळं मोठ्यांचं दिसतंय. मला काही करता येईल का, की ओएलटी बदलेपर्यंत गप्प बसायचं?

---

वेण्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:०५

माणदेशी, अजिबात गप्प बसू नका. तुमच्याकडे काम उलट सोपं आहे.

ईपॉन म्हणजे आयईईई ८०२.३एएच, २००४ चं मानक. त्यात ओएनयूची (ईपॉनमधल्या ओएनटीची) ओळख मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नंबरवरून, होते. तुमच्या आकाराच्या ऑपरेटरसाठी माझा सल्ला: ओएलटीवर ग्राहकाचं काहीच ठेवू नका. ओएनयू आपोआप नोंद होऊ दे, प्रत्येक पॉन पोर्टला एक व्हीएलॅन द्या, आणि कोण चालू कोण बंद, वेग किती, हे सगळं रेडियसमध्ये ठेवा. मग तुमची वही एकच उरते. रेडियसकडे कॉलिंग-स्टेशन-आयडी म्हणून ग्राहकाच्या राउटरचा मॅक येतो, तो युजरनेमला बांधून ठेवला की एकाचा पासवर्ड दुसऱ्या घरात चालत नाही.

ओएलटीच्या वेबपेजवर बटणं दाबणारी स्क्रिप्ट लिहू नका. फर्मवेअर बदललं की पेज बदलतं आणि स्क्रिप्ट भलतंच बटण दाबते. वाचायचं असेल तर एसएनएमपी (यंत्राची स्थिती दुरून वाचायची जुनी पद्धत) बघा, स्वस्त ओएलटीतही बहुधा असतो. ओएनयूची यादी, चालू-बंद, प्रकाशाची पातळी, एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे.

आता हरिपूररस्ता, तुमच्या ओएलटीबद्दल.

ज्या ओएलटीला फक्त एसएसएच आहे तिच्यासाठी पायथनची नेटमिको लायब्ररी वापरा. पण लक्षात ठेवा, कमांड लाइन माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेली असते. चूक झाली की एखादी ओळ छापते, आणि प्रोग्रामला ती ओळ ओळखता आली नाही तर तो पुढे चालत राहतो. "मोअर" म्हणून थांबणारं पान, मध्येच टपकणारी अलार्मची ओळ, फर्मवेअर बदलल्यावर सरकलेला रकाना, या सगळ्याची तयारी लागते. एका वेळी किती लॉगिन चालतात यालाही मर्यादा असते. म्हणून प्रत्येक ओएलटीसाठी एकच रांग करा आणि कामं एकामागून एक सोडा. दोन प्रोग्राम एकाच ओएलटीत एकाच वेळी लिहायला गेले तर दोघांनाही एकच मोकळा आयडी दिसतो.

आणि सेव्ह. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. एका गावात आमचा प्रोग्राम ओएनटी चढवायचा, सगळे दिवे हिरवे, ग्राहक खूश. दोन आठवड्यांनी वीज गेली, बॅटरी उतरली, ओएलटी बंद होऊन परत चालू झाली, आणि त्या दोन आठवड्यांत चढवलेले सगळे ग्राहक गायब. कॉन्फिग मेमरीत होतं, फ्लॅशवर लिहिलेलंच नव्हतं. चूक माझी होती, ओएलटीची नाही. म्हातारी माणसं फोन करून विचारत होती की आम्ही पैसे भरलेत ना. प्रत्येक कामानंतर सेव्ह करायची गरज नाही, फ्लॅशलाही आयुष्य असतं. बदल झाला असेल तर पंधरा मिनिटांनी एकदा आणि दिवसाच्या शेवटी एकदा, एवढं पुरतं.

जिला एपीआय आहे म्हणतात, तिच्या विक्रेत्याला नक्की काय आहे ते विचारा. "एपीआय आहे" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपतात. कधी तो ओएलटीचा नसून वर बसलेल्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा असतो, म्हणजे ते सॉफ्टवेअर आणि त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. त्यातही पुष्कळदा टीएल-१ निघतं. ही भाषा १९८० च्या दशकात बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेने टेलिफोनच्या यंत्रांसाठी बनवली, आणि अजून जिवंत आहे. तिला नावं ठेवू नका. प्रत्येक कमांडबरोबर आपण एक खूण पाठवतो, उत्तरात तीच खूण परत येते, आणि काम झालं की नाकारलं हे ठरलेल्या शब्दात येतं. कमांड लाइनची ओळ वाचण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

---

कराडसंगम | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला नेटकॉन्फ आणि यांग (नेटवर्कच्या यंत्रांचं कॉन्फिग प्रोग्रामने बदलायची मानकं) शिकवलं, पण कुणी वापरतं का ते कळलं नाही. ओएलटीला ते चालतं का? प्रोजेक्ट यावरच घ्यायचा विचार आहे.

---

वेण्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

जरूर घे. आणि ते का जन्मलं हे आधी वाच, मग ते आवडेल.

२००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणारी माणसं आणि मानकं लिहिणारी माणसं एका ठिकाणी बसवली. त्या चर्चेचा वृत्तांत आरएफसी या इंटरनेटच्या दस्तऐवजमालेत ३५३५ क्रमांकाने २००३ मध्ये आला. चालवणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एसएनएमपीने वाचता येतं, पण कॉन्फिग लिहिण्यासाठी ते सोयीचं नाही. आम्हाला पूर्ण कॉन्फिग एकगठ्ठा वाचता यावं, तपासता यावं, फसलं तर मागे घेता यावं. त्यातून नेटकॉन्फ आलं, आधी २००६ ला आरएफसी ४७४१, आणि आता चालू आहे ते २०११ चं आरएफसी ६२४१. एसएसएचवरून पोर्ट ८३० वर चालतं. यांग ही त्यातल्या डेटाचा आकार सांगणारी भाषा. हेच एचटीटीपीवरून हवं असेल तर रेस्टकॉन्फ, आरएफसी ८०४०, २०१७.

मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे पुष्टीची अट असलेलं कमिट. बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळात तुम्ही "हो, ठीक आहे" असं परत सांगितलं नाही तर उपकरण आपणहून जुन्या कॉन्फिगवर जातं. ती मुदत मुळात ६०० सेकंदांची आहे. कोयनेच्या खोऱ्यात पाटणपलीकडे एखाद्या गावातल्या ओएलटीचा अपलिंक चुकून बंद केला, तर पावसाळ्यात तिथे पोचायला अर्धा दिवस जातो. दहा मिनिटं थांबलं आणि ती आपोआप परत आली, याची किंमत मला विचार.

पॉनसाठीची यांग मॉडेल्स ब्रॉडबँड फोरमने टीआर-३८५ मध्ये दिली आहेत. मोठ्या ओएलटींत नेटकॉन्फ दिसतं. आपल्याकडच्या लहान गावांत जे बॉक्स बसतात त्यांत क्वचितच. प्रोजेक्टसाठी खरी ओएलटी मिळाली नाही तर ओएलटीचं सोंग घेणारा छोटा नेटकॉन्फ सर्व्हर लिही आणि त्याच्यावर ताळा घेणारा प्रोग्राम कर. मुद्दाम मध्येच कनेक्शन तोडून बघ. त्यातून खूप शिकशील.

---

तंतुवाद्य | मंगळवार, रात्री ११:३०

मी मिरजेची. पाच वर्षं एसीएसवर काम करते, म्हणजे टीआर-०६९ चा सर्व्हर. तिसऱ्या दरवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

टीआर-०६९ हे २००४ चं, तेव्हाच्या डीएसएल फोरमचं, आजच्या ब्रॉडबँड फोरमचं. एक्सएमएलचे सोप संदेश एचटीटीपीवरून. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की बोलणं नेहमी ग्राहकाच्या यंत्राकडून सुरू होतं. ओएनटी "इन्फॉर्म" पाठवतो, मग त्या सेशनमध्ये सर्व्हर त्याला हवं ते विचारतो आणि बदलतो. सर्व्हरला घाई असेल तर तो फक्त दार वाजवू शकतो: "मला फोन कर". आणि ग्राहक नॅटच्या मागे असेल, म्हणजे त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसेल, तर ती टकटक पोचतच नाही. मग पुढच्या इन्फॉर्मची वाट बघायची, ती तासाभराने असेल नाहीतर दिवसाने. म्हणून ओएलटीवर एसीएससाठी वेगळा मॅनेजमेंट व्हीएलॅन ठेवा आणि त्यावर ओएनटीला खाजगी पत्ता द्या. मग टकटकही पोचते आणि हे बोलणं ग्राहकाच्या इंटरनेटपासून वेगळं राहतं.

इन्फॉर्मबरोबर कारणाचा आकडा येतो. शून्य म्हणजे बूटस्ट्रॅप: यंत्र पहिल्यांदाच बोलतंय, किंवा कुणी फॅक्टरी रीसेट केलंय. हा शून्य मला फार प्रिय आहे. ग्राहकाच्या घरातल्या लेकराने टाचणीने रीसेटचं बटण दाबलं, पूर्वी लाइनमनची एक फेरी ठरलेली. आता शून्य आला की आमचा प्रोग्राम सीरियल नंबरवरून वहीत ग्राहक शोधतो आणि त्याचं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं परत भरतो. दोन मिनिटांत. भर उन्हात जतच्या वस्त्यांवर गाडी मारत जाणाऱ्या माणसाच्या वाचलेल्या फेऱ्या मी मोजलेल्या नाहीत, पण त्याने मला पेढे आणून दिले होते.

सेट-पॅरामीटर-व्हॅल्यूज पाठवताना एका कॉलमध्ये दहा गोष्टी असतील तर मानकाप्रमाणे सगळ्या लागतात किंवा एकही नाही. उत्तरात शून्य आला तर लागू झाल्या, एक आला तर स्वीकारल्या पण अजून लागू नाहीत, बहुतेक रीबूट हवा. हा एक लक्षात न घेता "झालं" म्हणून टाकणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. आणि जुन्या यंत्रांत टीआर-०९८ ची झाडासारखी नावं, नव्यांत टीआर-१८१ ची. एकच वायफायचं नाव, दोन वेगळ्या वाटा. प्रत्येक मॉडेलसाठी हे एकदा बसवून घ्यावं लागतं, त्याला पळवाट नाही.

सुरक्षेचं मनापासून सांगते. ओएनटीचा पोर्ट ७५४७ इंटरनेटला उघडा ठेवू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच पोर्टवरून हल्ला झाला आणि सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. एसीएसला टीएलएस (कूटबद्ध जोडणी) लावा, प्रत्येक ओएनटीला वेगळा पासवर्ड द्या. सगळ्यांना एकच पासवर्ड म्हणजे एका घरातला ओएनटी उघडला की सगळी घरं उघडी.

नवीन काही उभं करत असाल तर टीआर-३६९ बघा, त्याला यूएसपी म्हणतात, २०१८ चं. त्यात एमक्यूटीटी किंवा वेबसॉकेटवरून जोडणी कायम राहते, दार वाजवायची भानगडच नाही. पण तुमच्याकडे आधीच लागलेले ३,८०० ओएनटी टीआर-०६९ च बोलणार, त्यामुळे तुमची सुरुवात तिथूनच.

---

हरिपूररस्ता | बुधवार, सकाळी ७:५०

तंतुवाद्य ताई, शून्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या लाइनमनच्या आठवड्यातल्या कितीतरी फेऱ्या याच कामाच्या असतात.

रेडियसबद्दल एक प्रश्न. प्लॅन संपला की बिलिंग टेबलात बदल करतं, पण ग्राहक चालूच राहतो, राउटर बंद करून चालू करेपर्यंत. आणि वापर मोजण्यातही घोळ आहे: काही ग्राहकांचा महिन्याचा डेटा फारच कमी दिसतो, आणि तेच सगळ्यात जास्त वापरणारे आहेत.

---

कुपवाडकर | बुधवार, सकाळी ९:०५

दोन्हींची उत्तरं जुनी आणि पक्की आहेत.

रेडियस लॉगिनच्या क्षणी विचारला जातो. चालू सेशनला त्यानंतर काही कळवायचं तर सीओए हा वेगळा संदेश लागतो, आरएफसी ५१७६, यूडीपी पोर्ट ३७९९. टेबल बदललं की बिलिंगने राउटरला सीओए पाठवायला हवा: वेग बदल किंवा तोड. पण यूडीपी आहे, पाकीट हरवू शकतं. होकार आला नाही तर परत पाठवा, आणि रात्रीच्या ताळ्यात "संपलेले तरी चालू" अशी यादी काढा. जोडीला सेशन-टाइमआउट लावून ठेवा, म्हणजे सगळं चुकलं तरी सेशन कधीतरी संपतंच. मायक्रोटिकला वेग देताना एक काळजी: रेट-लिमिटमधला पहिला आकडा राउटरच्या बाजूने आत येणारा, म्हणजे ग्राहकाचा अपलोड. उलटा लिहिला तर सारख्या वेगाच्या प्लॅनमध्ये कधीच कळत नाही, वेगळे असतील तेव्हाच तक्रार येते.

वापराचं असं. रेडियसचा बाइटचा आकडा ३२ बिटांचा. ४ जीबी झाले की तो परत शून्यापासून सुरू होतो. किती वेळा फिरला हे वेगळ्या रकान्यात येतं, गीगावर्ड्स, आरएफसी २८६९. तुमचं टेबल तो रकाना जोडत नसेल. १०० एमबीपीएसवर कुणी सलग उतरवलं तर ४ जीबी सहा मिनिटांच्या आत भरतात. म्हणून जास्त वापरणारा कमी दिसतो.

एक आणखी. जुलै २०२४ मध्ये रेडियसच्या एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीवर बेतलेला एक दोष उघड झाला, ब्लास्ट-रेडियस नावाचा. फ्रीरेडियस आणि राउटर दोन्ही अद्ययावत करा, मेसेज-ऑथेंटिकेटर (पाकीट अस्सल असल्याची खूण) सक्तीचा करा. आणि हे पाकीट उघड्या नेटवर्कवरून नेऊ नका.

---

वेण्णाकाठ | बुधवार, दुपारी २:२०

त्यात एक भर, कारण हरिपूररस्ता यांच्या पुराच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

ओएलटीवर पीपीपीओई इंटरमीडिएट एजंट चालू करा. टीआर-१०१ मध्ये २००६ पासून आहे. ग्राहक जोडायला लागला की ओएलटी त्या पाकिटात स्वतःची खूण घालते: कोणती ओएलटी, कोणता स्लॉट, कोणता पोर्ट, कोणता ओएनटी. ती खूण रेडियसपर्यंत एजंट-सर्किट-आयडी म्हणून पोचते. म्हणजे ग्राहक आत्ता कुठल्या तारेवर बसलाय हे ग्राहकाच्या लॉगिनमधूनच कळतं, कुणी लिहून ठेवायची गरज नाही.

आता पुन्हा फायबर इकडचे तिकडे झाले असं धरा. ओएनटी नव्या पोर्टवर "नवा सापडला" म्हणून दिसेल. प्रोग्राम सीरियल नंबरवरून वहीत ग्राहक ओळखेल, जुन्या पोर्टवरून पुसेल, नव्यावर चढवेल, लॉगिन झाल्यावर सर्किट-आयडीने खात्री करेल. सहाशे ओएनटींना एका रांगेत, प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी दोन तासांच्या आत. तुमचे तीन तास त्यात बसतात.

फक्त ही सूट रोज चालू ठेवू नका. पोर्ट आपोआप बदलण्याची परवानगी कुणीतरी माणसाने, ठरावीक ओएलटीपुरती, ठरावीक वेळापुरती द्यावी, आणि कुणी दिली याची नोंद राहावी. लॉग तसेही ठेवावेच लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळलेली.

चढवताना प्रकाशाची पातळीही वाचून घ्या. बी प्लस वर्गात (जीपॉनच्या ऑप्टिक्सचा एक वर्ग) ओएनटीला लागणाऱ्या प्रकाशाची खालची हद्द उणे २७ डीबीएम. उणे २६ वर चालू झालेला ग्राहक पहिल्या पावसात तुम्हाला फोन करणार. उणे २५ च्या खाली गेला तर प्रोग्रामने लाइनमनला तिथेच सांगावं, अजून शिडी भिंतीला लावलेली आहे तोवर.

आणि सुरुवात फक्त वाचण्यापासून करा. पहिला महिना प्रोग्रामला लिहायचा अधिकारच देऊ नका. ओएलटीवर त्याचं वेगळं खातं, फक्त वाचण्याचं. रात्री दोन वाजता सगळं वाचायचं, वहीशी ताडायचं, फरकाची यादी सकाळी तुमच्या टेबलावर.

---

हरिपूररस्ता | पुढचा रविवार, रात्री १०:१५

पहिला ताळा झाला. फक्त वाचणारी स्क्रिप्ट, दीडशे ओळींची. एसएसएचच्या ओएलटीवर नेटमिको. एपीआयवाल्या ओएलटीचं निघालं टीएल-१, मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून.

ओएलटीवर आहेत पण बिलिंगमध्ये नाहीत असे ६४ ओएनटी. बिलिंगमध्ये चालू पण ओएलटीवर नाहीत असे १७. त्या सतरांपैकी अकरा लोक दर महिन्याला पैसे भरतायत. त्यांना उद्या मी स्वतः फोन करणार आहे. दोन जणांचे ओएनटी बदलले गेले होते आणि नवा नंबर फक्त ओएलटीवर चढला होता. बाकी नऊ जणांचं काय झालंय ते विचारून कळेल.

६४ पैकी बरेच २०१९ च्या त्या तीन रात्रींतले आहेत. जुन्या पोर्टवरून पुसायचे राहून गेले होते.

---

माणदेशी | पुढचा रविवार, रात्री १०:४०

मीही वाचलं. एसएनएमपी होता, मला ठाऊकच नव्हतं. पुतण्याने बसवून दिलं. माझ्या वहीत नसलेले नऊ ओएनयू निघाले, आणि तीन ग्राहक उणे २७ च्या पलीकडे. त्यातली एक प्राथमिक शाळा आहे, मास्तर वर्षभर म्हणतायत नेट मधूनच जातं. सकाळी लाइनमनला घेऊन आधी शाळेवर जातो.